उजवं मागचं चाक

व्हेर्ने, २ नोव्हेंबर १९०२

गास्पार, पोरा,

तुझा पत्ता बार्नाबे लोहाराने आणला. शातोरूच्या बाजारात त्याला बेल्जियमचा एक घोडेवाला भेटला. तो म्हणाला, लिएजमध्ये ‘तीन घोडे’ नावाच्या खाणावळीत एक फ्रेंच माणूस उतरलाय, उंच, डाव्या भुवईवर व्रण, कुणाशी बोलत नाही. बार्नाबे म्हणाला, “बोलत नाही ना? मग तो आन्सेल्मचाच पोरगा.” व्रणाचं मला ठाऊक नव्हतं. चौकशीच्या दिवशी तिथे पट्टी होती.

आज मृतांचा दिवस. शेवंतीच्या दोन कुंड्या घेऊन कबरस्तानात गेलो. एक तुझ्या आईला, एक एतिएनला. सोलांज आधीच आली होती, छोटी निनेत तिच्या झग्याला धरून. मला बघून ती बाजूला सरकली. माझ्या गुडघ्यांखाली तिने पोतं टाकलं. “बाबा, जमीन गारठलीय. तुम्हीही आजारी पडलात तर मी कुणाकुणाचं करू?”

निनेतने विचारलं, “गास्पारकाका कुठाय?”

“पळतोय,” सोलांज म्हणाली. “त्याला पळायलाच आवडतं.”

मी कुंडी सरळ करत राहिलो. काय बोलणार? जून महिन्यात शर्यतीच्या मोटारीत तू आणि एतिएन शेजारी शेजारी बसून गेलात, आणि परत तू एकटा आलास. तिच्या नवऱ्याचं वय अठ्ठावीस. एवढं तिला पुरे आहे. बाकीचं तिने कशाला ऐकावं?

रोज सकाळी ती माझ्या खिडकीत पाव ठेवून जाते. गरम असतो. मी काही तिचा बाप नाही, सासरा नाही. समोरच्या घरातला म्हातारा, आणि ज्याचं नाव ती घेत नाही त्याचा बाप. तरी ठेवते.

चौकशीच्या निकालाचा कागद आला. तू वाचला असशीलच. मी तिथे काय सांगितलं ते तुला माहीत आहे, तू समोरच होतास. म्हणून ते पुन्हा लिहीत नाही.

बकरी व्यायली, दोन पिल्लं. एक लंगडं आहे. अंगात गरम घालत जा.

तुझा बाप

व्हेर्ने, २१ डिसेंबर १९०२

गास्पार,

उत्तर आलं नाही. टपाल बर्फात अडकलं असेल.

परवा बार्नाबेकडे डुक्कर मारलं. दरवर्षीसारखी सगळी गल्ली जमली. सोलांजने रक्ताचे सॉसेज भरले, तुझ्या आईच्या हातच्यासारखे, कांदा जास्त. बार्नाबेला दोन पेले चढले की त्याच्या तोंडाचं झाकण उडतं हे तुला माहीत आहे. त्याने वर्तमानपत्राचा जुना कागद काढला आणि वाचायला लागला: “चालकाचा बेफाम वेग हेच अपघाताचं कारण.” मग म्हणतो, “मी म्हणालो होतो की नाही? वाऱ्याच्या पुढे जायला निघालात की वारा मागून लाथ घालतो. आणि आता म्हणे तो बिअरची पिंपं वाहतो! घोड्यांनी तरी त्याला जवळ केलं.”

सोलांजने हातातलं आतडं परातीत टाकलं, हात धुतले आणि निघून गेली. जाताना मला म्हणाली, “बाबा, तुम्हीपण चला. हे ऐकत बसू नका.” माझी दया आली तिला. तुझा बाप म्हणून माझी दया! ती दया मी घरापर्यंत घेऊन आलो आणि उंबऱ्यात बसून राहिलो.

लिहायचं नाही म्हटलं तरी हात तिकडेच जातो. खाई त्याला खवखवे.

न्यायाधीशाने मला साक्षीदार म्हणून नाही, जाणकार म्हणून बोलावलं होतं. टेबलावर उजव्या मागच्या चाकाचे तुकडे मांडले होते. मधला तुंबा अखंड. आरे बाहेर आलेले, मोडलेले नाहीत, दाढ उपटावी तसे खोबणीतून निघालेले.

“हे चाक तुम्ही केलं, पास्के?”

“होय साहेब. चारही मीच केली. मुलाचा हट्ट होता.”

“किती वर्षं करताय चाकं?”

“बेचाळीस.”

“या लाकडात काही रोग, भेग, कीड?”

“लाकूड निरोगी होतं, साहेब.”

बस्स. त्याने लाकडाचं विचारलं, मी लाकडाचं सांगितलं. यात शब्दही खोटा नाही. कारकुनाने लिहून घेतलं आणि शाई टिपायला माझ्या सहीवर वाळू भुरभुरली. समोरच्या बाकावर तू बसला होतास. तुझा वकील कोपराने तुला ढोसत होता, बोल, बोल म्हणून. तू माझ्याकडे बघत होतास. रागाने बघत असतास तर मला सोपं गेलं असतं.

तू तोंड उघडलं नाहीस. तुझा परवाना गेला, कारखान्याचं दार बंद झालं. माझ्या दारावरची पाटी मात्र अजून आहे: आन्सेल्म पास्के, चाकं. कालच एक शेतकरी दोन चाकं सांगून गेला. म्हणाला, “तुमची चाकं, बाबा, कोर्टानेसुद्धा मानली.”

नाताळ जवळ आला. खाणावळीत बटाट्याची पोळी करतात का रे?

बाप

व्हेर्ने, १५ फेब्रुवारी १९०३

गास्पार,

तू लिहीत नाहीस, तर मीच लिहितो. न बोलणाऱ्या माणसासमोर दुसऱ्याला फार बोलावं लागतं. चौकशीत तू हेच केलंस माझ्याशी, आता लिएजमधून करतोयस.

आज सकाळी सोलांजची पावाची हातगाडी माझ्या दारावरून गेली. रोज जाते. रोज मी चाकांकडे बघतो. कुरकुर नाही, खडखड नाही, लोण्यातून सुरी जावी तशी जाते. ती दोन चाकं मी गेल्या वसंतात केली, तुझ्या गाडीच्या चाकांच्या आधी. एतिएन तुझ्या कारखान्यात लागला, घरी आठवड्यातून एकदा यायला लागला, तेव्हा सोलांज एकटी हातगाडी ढकलायची. जुनी चाकं वाकडी. मला बघवेना. सात वर्षं मुरलेला ओक माझ्याकडे मोजका होता. त्यातलं चांगलं चांगलं काढून तिच्या गाडीला घातलं. एतिएनने मला मिठी मारली होती. “बाबा, ही चाकं माझ्या पोरीच्या लग्नापर्यंत टिकतील,” म्हणाला.

टिकतील.

मग मे महिन्यात तू आलास. चार चाकं हवीत, आणि बापाच्याच हातची हवीत. कारखान्यातले लोक हसले होते तुला. खेड्यातला म्हातारा सुतार, गाडी ताशी शंभर किलोमीटर जाणार. तू त्यांना म्हणालास, “माझ्या बापाचं चाक मोडलं तर मी शर्यत सोडीन.” हे मला एतिएननेच सांगितलं. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! आणि त्या अभिमानापोटी मी तुला सांगितलं नाही की लाकूड पुरत नाही.

तीन चाकं सात वर्षांच्या ओकची झाली. चौथ्याला पाच आरे कमी पडले. ते मी दोनच वर्षं वाळलेल्या लाकडाचे केले. निरोगी लाकूड. कोवळं, पण निरोगी. पिवळा रंग दिल्यावर बारा आरे सारखेच दिसतात.

आता तुला कळलं असेल की मी ‘निरोगी’ हा शब्द कसा निवडला. शाळेत न गेलेल्या माणसालाही शब्द निवडता येतात, वेळ आली की.

लंगडं पिल्लू मेलं.

बाप

व्हेर्ने, २९ मार्च १९०३

गास्पार,

उरलेलंही सांगून टाकतो. अर्धी ओकारी झाली की माणूस जास्त तळमळतो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तुम्ही दोघं नाव नोंदवायला शातोरूला गेला होतात. गाडी माझ्या छपरीत ओंडक्यांवर चढवलेली. तो जून तुला आठवतो ना, कोंबड्या पंख पसरून पडायच्या. दुपारी मी चाकं एकेक करून हलवून पाहिली. तीन गप्प. उजवं मागचं बोललं. टिक, टिक. उन्हाने कोवळे आरे आक्रसले होते आणि खोबणीत हलत होते.

नवं चाक करायला आठ दिवस लागतात. हातात एक दुपार होती. मग मी तेच केलं जे माझा बाप करायचा, त्याचा बाप करायचा, जे या गावात गवत वाहायच्या दिवसांत प्रत्येक घरी होतं. चाक काढलं, टायर उतरवला, आणि शाळेमागच्या गुरांच्या तळ्यात नेऊन बुडवलं. वर धोंडा ठेवला. पहाटे काढलं तेव्हा आरे फुगून असे घट्ट बसले होते की मूठ मारली तर घंटेसारखं वाजलं. पुसलं, जवसाचं तेल चोळलं, जागेवर बसवलं.

यात पाप नाही असं मी मनाला कितीदा सांगितलं. गवताच्या गाडीचं चाक असं भिजवलं की आठवडा निघतो. पण पोरा, मी हिशेब बैलाच्या चालीने केला. ऊन तेच, पण तुझा वारा वेगळा. बैल आठवड्यात जेवढं सुकवतो तेवढं तू दोन तासांत सुकवलंस.

आणि आता जे मी कुणालाच सांगितलेलं नाही ते.

तुला माहीत होतं.

रविवारी सकाळी तू गाडीभोवती एक चक्कर मारलीस. उजव्या मागच्या चाकापाशी बसलास. तुंब्याच्या फटीत तळ्यावरचं टिकलीएवढं हिरवं पान अडकलं होतं. मी इतकं पुसलं, तरी ते राहिलं. तू नखाने ते काढलंस, विजारीला पुसलंस आणि माझ्याकडे बघून म्हणालास, “बाबा, चाक आंघोळ करून आलंय वाटतं.”

एतिएन चष्म्याचा पट्टा बांधत होता. तो हसला. “रविवार आहे. चर्चला जायचं असेल त्याला.”

आपण तिघंही हसलो. एतिएनला खरंच गंमत वाटली. तो भट्टीवाला, त्याला पीठ कळायचं आणि पुढे इंजिन कळायला लागलं, लाकूड कधीच नाही. तू आणि मी मात्र दुसरंच हसलो. दारात कारखान्याचे लोक उभे होते. तू तेव्हाच म्हणाला असतास, “या चाकावर मी बसत नाही,” तर बेचाळीस वर्षांचा माझा बाजार तिथंच उठला असता. तू माझी झाकली मूठ झाकलेलीच ठेवलीस.

शर्यतीच्या वाटेवरच्या आर्जाँतों गावात काय झालं ते मला चौकशीत कळलं. गावातून जाताना नियमाप्रमाणे तुम्ही सायकलवाल्याच्या मागे संथ चालला होतात. तो सायकलवाला म्हणाला, पुलापाशी गाडी थांबली, चालकाने मागच्या चाकाकडे बोट दाखवलं, आणि सोबत्याने उतरून बादलीभर पाणी त्या चाकावर ओतलं. न्यायाधीश म्हणाला, उन्हात सगळेच ओततात, आणि पुढच्या साक्षीकडे वळला. पण माझं लक्ष त्या बोटावरच अडकलं. बोट तू दाखवलंस. म्हणजे चाक बोलत होतं, आणि तू ऐकलंस. तिथेच उतरता आलं असतं. पुढे बावीस किलोमीटरवर ते उताराचं डावं वळण होतं, जिथे आरे निखळले.

का नाही उतरलास? माझ्यासाठी की शर्यतीसाठी? पहिले होतात म्हणे तुम्ही तेव्हा. या प्रश्नाने मी झिजतोय. माझ्यासाठी असेल तर एतिएनला मी मारलं. शर्यतीसाठी असेल तर आपण दोघांनी.

मी शातोरूला जाऊन खरं सांगणार आहे. माझ्यापुरतं. तुझं नाही.

बाप

व्हेर्ने, १७ मे १९०३

गास्पार,

माझी चारही पत्रं परत आली, दोरीने बांधून. सोबत खाणावळीच्या बाईची चिठ्ठी: पाहुणा अक्षर ओळखतो आणि हात लावत नाही. प्रकृती चांगली आहे. काळजी करू नये.

तेव्हा हे पाचवं मी कुणाला लिहितोय ठाऊक नाही. पण सवय लागली.

शातोरूला गेलो होतो. चालत, कारण गाडीत बसलं की चाकांचा आवाज ऐकू येतो. न्यायाधीश बदलून गेला. कारकून तोच, सहीवर वाळू टाकणारा. मी उभा राहून सगळं सांगितलं, कोवळे आरे, तळं, धोंडा. त्याने लेखणी उचललीच नाही. मला खुर्ची दिली.

“पास्केबाबा, मलाही मुलगा आहे.”

“मग लिहून घ्या.”

“काय लिहू? गेल्या वर्षी शपथेवर म्हणालात लाकूड निरोगी. आज मुलगा देशोधडीला लागलाय, तर म्हणता चाक वाईट. तुमच्या जागी मीही हेच केलं असतं. चांगला बाप आहात.”

“चाक दाखवा. चाकावरून दाखवतो.”

तो जरा ओशाळला. “आवारात जागा किती असते? निकालानंतर ते शेगडीत गेलं. जानेवारीत.”

मी विचारलं, “नीट पेटलं का?”

“कसलं पेटतंय! सगळं दालन धुराने भरलं. काही लाकडं नुसती फुसफुसत होती.”

“तेच पाच आरे,” मी म्हणालो. “तीच माझी साक्ष.”

त्याने मला दारापर्यंत सोडलं आणि हात धरून पायऱ्या उतरवल्या.

पोरा, मी खोटं बोललो तेव्हा त्यांनी शाईने लिहून घेतलं. खरं बोललो तर हात धरून बाहेर सोडलं. बैल गेला आणि झोपा केला, तर झोप्याला कोण विचारतो?

परत आलो तो थेट सोलांजच्या दुकानात. ती पीठ मळत होती. मी सांगितलं, तिच्या तोंडाकडे न बघता. सांगून झालं तरी तिचे हात थांबले नव्हते.

“झालं?” ती म्हणाली. “बाबा, त्याच्यासाठी अजून किती खोटं बोलाल? तुम्ही आजारी दिसताय. काही खाल्लंत का सकाळपासून?”

“सोलांज, ते चाक मी...”

“एतिएन म्हणायचा, आन्सेल्मबाबाचं चाक म्हणजे देवाचं वचन. तुम्ही त्याच्या तोंडचं हे तरी माझ्याकडे राहू द्या.” आणि पावाला लोणी लावून तिने माझ्या हातात ठेवलं.

मी ते खाल्लं. भूक लागली होती. याहून वाईट काही मी आयुष्यात केलं असेल असं वाटत नाही.

व्हेर्ने, ५ जुलै १९०३

गास्पार,

पाकिटावर सोलांजचं अक्षर बघून तू हे उघडलंस. रागावू नकोस, आणि आशाही धरू नकोस, आत मीच आहे. मागची पाच पत्रं सोबत बांधली आहेत. आधी ती वाच. सगळी वाचून झाली की जाळ. का ते खाली लिहितो.

मेमध्ये घरी येऊन मी विचार केला. माझ्या जिभेवर कुणाचा विश्वास नाही, ठीक आहे. माझ्या हातावर तरी आहे ना? त्याच दोन वर्षांच्या ओकचा ओंडका छपरीत पडला होता. आता तो तीन वर्षांचा झाला, तरी कोवळाच. त्याचं चाक केलं. पाच आरे कोवळे, सात एका जुन्या चाकातून काढलेले, तंतोतंत तसंच. हात थरथरतात, म्हणून महिना लागला. बार्नाबेने लोखंडी धाव चढवून दिली. “कुणाचं रे हे?” “माझंच,” म्हटलं.

सहा-सात दिवस उन्हात ठेवलं, आरे हलायला लागले. मग तळ्यात बुडवलं, धोंडा ठेवला, दुसऱ्या दिवशी काढलं. ओलं, घट्ट चाक घेऊन सोलांजच्या दारात गेलो.

“हे धर आणि हलव.”

“बाबा, मला भट्टी आहे.”

“एकदाच.”

तिने हलवलं. गप्प. मी ते तिच्याच भिंतीला, दुकानाच्या दारासमोर, खुंटीला अडकवलं. रोज उन्हं तिथे सकाळपासून दुपारपर्यंत असतात. ती भट्टीकडे परत गेली. गिऱ्हाइकं विचारायची, ती म्हणायची, “बाबांना काढायचं नाहीये, राहू दे.” म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं सगळ्यांनी धरलं. बार्नाबे म्हणाला, “आन्सेल्म, आता चाकांनाही फाशी द्यायला लागलास?”

तिसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्या ओट्यावर होतो. सोलांज बाहेर आली. आजूबाजूला कुणी नव्हतं, निनेत आत झोपली असावी. तिने पिठाचे हात एप्रनला पुसले, चाक दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं.

टिक, टिक.

पुन्हा हलवलं. मग एकेक आरा बोटांनी चाचपत गेली. पाचही तिने बरोबर शोधले. मी इतक्या लांबून बघत होतो आणि मनात मोजत होतो. पाचवा सापडल्यावर ती जरा थांबली, मग रस्ता ओलांडून माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. तू तिला लहानपणापासून ओळखतोस.

“शर्यतीच्या आदल्या दिवशी?” तिने विचारलं.

“शनिवारी दुपारी.”

“आणि चांगलं लाकूड?”

मी तिच्या हातगाडीकडे बोट केलं. 

ती बराच वेळ त्या गाडीकडे बघत राहिली. मग तिने ते विचारलं ज्याची मला वर्षभर भीती होती.

“गास्पारला ठाऊक होतं?”

पोरा, मी शपथ घेतली होती की आता एकही शब्द निवडायचा नाही. डोळ्यांपुढे ते हिरवं पान आलं, तुझं नख आलं, आर्जाँतोंच्या पुलावरचं तुझं बोट आलं. एतिएनने ती बादली कशी उचलली असेल तेही आलं. हसतच उचलली असणार.

“नाही,” मी म्हणालो. “त्याला काही माहीत नव्हतं. तो माझ्या भरवशावर बसला होता, एतिएनसारखाच.”

तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. आणि विश्वास ठेवला. खरं सांगायला मला चाक करावं लागलं, महिना घालावा लागला. खोट्याला एक शब्द पुरला.

ती आत गेली. परत आली तेव्हा हातात हे रिकामं पाकीट होतं, वर तुझा पत्ता. शाई ओली होती. म्हणाली, “तुमचं अक्षर तो घेत नाही ना? टपालवाल्याने सांगितलं मला. हे घ्या. त्याला लिहा की मी वर्षभर त्याला शिव्या दिल्या, त्या परत घेते. एतिएनच्या कबरीवर यायला त्याला माझी मनाई नाही.” एवढं बोलून ती वळली. त्या दिवशी तिने मला बाबा म्हटलं नाही.

तिचा निरोप पोचवला. आता माझं ऐक.

तू परत येऊ शकतोस. ती दार उघडेल, तुला बसायला देईल, निनेतला तुझ्या मांडीवर सोडेल. आणि तू त्या घरात बसशील, हिरव्या पानाबद्दल तोंड मिटून, जन्मभर. मी तुला हे दिलंय, म्हणूनच ही पत्रं जाळ, तिच्या हाती पडायला नकोत. पहिल्यांदा तू माझ्यासाठी गप्प बसलास, आता मी तुझ्यासाठी खोटं बोललो, आणि या दोन्हींच्या मध्ये तो भट्टीवाला पडलाय, ज्याला लाकडातलं काही कळत नव्हतं. वर्षभर मला वाटायचं की एकदा खरं बोललो की मोकळा होईन. बोललो. तू दूर होतास तो आणखी दूर गेलास. कारण आता तू आलास तर खोटा येशील, आणि नाही आलास तर तिला वाटेल, तिने दिलेली माफीही तुला नको आहे.

ये म्हणू की येऊ नको म्हणू? मला काहीच म्हणता येत नाही. बेचाळीस वर्षं लोकांना मी सांगितलं, कुठलं चाक कुठवर जाईल. या एकाचं सांगता येत नाही.

पाटी काल उतरवली. चाक सोलांजने खुंटीवरून काढलं नाही. येता-जाता गल्लीतली पोरं ते हलवतात, आणि ते बोलतं.

आज सकाळी लवकर उठून खिडकी उघडली. हातगाडी समोरून गेली, आवाज न करता, नेहमीसारखी. थांबली नाही. खिडकीत पाव नव्हता.

तुझा बाप,
आन्सेल्म